खाऱ्या वाऱ्यात पंपाचा बोर्ड टिकवायचा तर: करंट, उष्णता आणि संरक्षणाचा हिशोब

डेटाशीटमधला (कंपनी प्रत्येक भागासोबत देते त्या तपशिलाच्या कागदातला) जवळजवळ प्रत्येक आकडा एका अटीवर उभा असतो: तापमान २५ अंश सेल्सिअस. गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या पडवीत भिंतीला ठोकलेल्या बंद डब्यात २५ अंश कुणी पाहिलेत? एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या डब्यात सहज ५०-५५ अंश होतात. जुलैत तापमान उतरतं, पण हवा इतकी ओली की कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. त्यामुळे पुस्तकातला फ्यूज, पुस्तकातला हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) आणि पुस्तकातली वायर जशीच्या तशी उचलली, तर बोर्ड दुसरा पावसाळा काढेलच याची खात्री नाही. हिशोब तोच, फक्त त्यात आपल्याकडचे आकडे घालायचे.

उदाहरणाला बागेच्या पंपाचा कंट्रोल बॉक्स घेऊ. विहिरीवर एक एचपीचा सिंगल फेज पंप, टाकीत लेव्हल सेन्सर, पडवीत डबा. डब्यात २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा सप्लाय, त्यावरून ५ व्होल्टवर चालणारा कंट्रोलर, एक छोटा रिले आणि रिलेच्या मागे पंप ओढणारा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या करंटचा रिले. सीसीटीव्हीचा सप्लाय असो, एलईडी ड्रायव्हर असो की वायफाय राउटर, मुद्दे थोड्याफार फरकाने हेच.

आधी जिवाचं. २३० व्होल्ट एसी डायोडमधून गेल्यावर कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी उभे राहतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच बसून असतात. १० किलोओहमचा ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, दोन्ही पायांना इन्सुलेटेड वायर आणि क्लिपा लावून तयार ठेवा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याने पाचेक सेकंदांत रिकामा होतो. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण त्यात कपॅसिटरही दुखावतो आणि डोळाही जाऊ शकतो. रिकामा केल्यावर मीटरने शून्य बघा, मगच बोट लावा. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर या लेखातलं बाकी सगळं नंतर करा, तो आधी बसवा.

पायरी पहिली: करंट मोजा

अडॅप्टरवर "१२ व्होल्ट २ अँपिअर" लिहिलंय म्हणजे सर्किट २ अँपिअर घेतं असं नाही. तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढंच त्यावरून कळतं. सर्किट किती घेतं ते मल्टिमीटर सिरीजमध्ये लावूनच कळेल. १० अँपिअरच्या भोकात लाल वायर घाला, १२ व्होल्टची एक तार तोडून मीटर मध्ये घाला. नुसता उभा असताना, रिले ओढलेला असताना आणि कंट्रोलर मोबाइल नेटवर्क शोधत असताना, असे तीन आकडे लिहून ठेवा. जीएसएम मॉड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं आणि साध्या मीटरला तो झटका दिसत नाही. "नेटवर्क येत नाही" म्हणून फेकलेल्या बऱ्याच मॉड्यूलांचं खरं दुखणं सप्लाय तोकडा हेच असतं.

मोजून झालं की लाल वायर ताबडतोब व्होल्टच्या भोकात परत घाला. ती १० अँपिअरमध्ये राहिली आणि तुम्ही २३० व्होल्ट मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. स्वस्त मीटरांमध्ये त्या भोकाला बहुतेक वेळा फ्यूजही नसतो.

पंपाच्या बाजूला क्लॅम्प मीटर वापरा, आणि क्लॅम्पमध्ये फक्त फेजची वायर घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर मीटर शून्य दाखवतो. एक एचपीचा पंप चालताना साधारण ६-७ अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. व्होल्टेज १८० वर आलं की मोटर करंट कमी नाही, जास्त घेते, कारण पाणी उपसण्याचं काम तेवढंच राहतं. संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर पंप चालवणाऱ्यांच्या मोटरी लवकर जळतात त्या म्हणूनच.

पायरी दुसरी: वाया जाणारे वॅट शोधा

करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, एवढं एकच सूत्र इथे लागतं. त्यातला "वर्ग" डोक्यात पक्का बसवा. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

आता हे सूत्र विहिरीपर्यंत नेऊ. विहीर घरापासून ६० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर तांबं. एक चौरस मिलिमीटरची वायर टाकली असेल तर तिचा रेझिस्टन्स सुमारे २.१ ओहम. ७ अँपिअरला १५ व्होल्ट वायरमध्येच पडतात आणि शंभर वॅट वाटेतल्या माडांना ऊब देण्यात जातात. सुरू होताना ३५ अँपिअर ओढले की ७० व्होल्टहून जास्त पडतात. मग पंप नुसता घुं करतो, फिरत नाही, आणि दोष दिला जातो कंट्रोलरला. २.५ चौरस मिलिमीटर टाकली की हाच रेझिस्टन्स ०.८५ ओहमच्या आत येतो. घराकडे मुळात १९० व्होल्ट येत असतील तर मी चारची टाकायला सांगतो. वायरवर वाचवलेले पैसे मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जातात.

पण कोकणात वायरीपेक्षा जास्त जळतात ती टर्मिनलं. खाऱ्या हवेत पितळी स्क्रूखाली हिरवट कीट धरतं आणि सांध्याचा रेझिस्टन्स वाढतो. फक्त ०.१ ओहम धरा: ७ अँपिअरला जवळजवळ पाच वॅट, तेही एका स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, स्क्रू सैल होतो, रेझिस्टन्स आणखी वाढतो आणि एक दिवस टर्मिनल वितळून खाली येतं. यात फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही, कारण करंट तर सातच अँपिअर आहे. करंट बघून तोडणारं कोणतंही साधन या आगीपासून वाचवत नाही. त्यावर उपाय हाताने करायचेच आहेत: वायरीच्या टोकाला क्रिम्प केलेली लग किंवा फेरूल लावा, नुसते धागे पिळून घालू नका. टोकाला सोल्डर भरून स्क्रूखाली देऊ नका, कारण सोल्डर मऊ असतो, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि पकड सुटते. वर्षातून एकदा, लाइन बंद करून, प्रत्येक स्क्रू आवळा.

पीसीबीचे ट्रॅकही याच हिशोबात. नेहमीच्या बोर्डवर तांबं ३५ मायक्रॉन जाड असतं. एक मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर लांब ट्रॅकचा रेझिस्टन्स साधारण २५ मिलिओहम भरतो. दोन अँपिअरला काही बिघडत नाही. पाच अँपिअर सोडले की अर्ध्या वॅटहून जास्त उष्णता त्या एका रेषेत निघते. अशा ट्रॅकवर उघडी तांब्याची तार झाळून घ्या, नुसता सोल्डरचा थर चढवून फारसं साधत नाही. आणि "१० अँपिअर" लिहिलेल्या त्या निळ्या शुगर क्यूब रिलेवर पंप थेट चालवू नका. तो आकडा बल्ब-हीटरसारख्या साध्या लोडचा आहे. मोटर सुरू होतानाच्या झटक्याने त्याचे पॉइंट चिकटतात आणि मग कंट्रोलरने बंद सांगितलं तरी पंप चालूच राहतो. रिलेने कॉन्टॅक्टरची कॉइल ओढावी, पंप कॉन्टॅक्टरने ओढावा, आणि कॉन्टॅक्टरखाली पंपाच्या प्लेटवरच्या करंटला लावलेला ओव्हरलोड रिले असावा.

पायरी तिसरी: हीटसिंकचं गणित आपल्या तापमानावर

१२ व्होल्टवरून ५ व्होल्ट काढायला अजूनही ७८०५ आयसी सर्रास वापरतात. कंट्रोलर अर्धा अँपिअर घेत असेल तर आयसीत वाया जाणारे वॅट: ७ व्होल्ट गुणिले ०.५, म्हणजे ३.५ वॅट. हीटसिंकशिवाय उभ्या आयसीचं तापमान दर वॅटला साधारण ६५ अंश चढतं. साडेतीन वॅटला सव्वादोनशेहून जास्त अंश चढायला हवेत, पण तिथवर जाण्याआधीच आयसी आतल्या संरक्षणाने स्वतःला बंद करतो. थंड झाला की पुन्हा सुरू, तापला की पुन्हा बंद. "बोर्ड दर दोन मिनिटांनी रीस्टार्ट होतो" ही तक्रार आली की सॉफ्टवेअर बघण्याआधी या आयसीकडे बघा.

हीटसिंक किती मोठा हवा? आतल्या चिपची मर्यादा १२५ अंश आहे, पण आपण १०० च्या वर जाऊ द्यायचं नाही. डब्यातली हवा ५० धरू. उरले ५० अंश. भागिले ३.५ वॅट, म्हणजे दर वॅटला १४ अंश एवढी एकूण सवलत. चिपपासून आयसीच्या पाठीपर्यंत ५ अंश जातात, मायका आणि पेस्ट मिळून एखादा. हीटसिंकच्या वाट्याला उरतात दर वॅटला ८ अंश. दुकानात मिळणारा टिकलीएवढा हीटसिंक २० अंशांच्या आसपासचा असतो, तो इथे पुरणार नाही. हेच गणित २५ अंशांवर मांडलं असतं तर उत्तर १५ आलं असतं आणि जवळजवळ निम्म्या आकाराच्या हीटसिंकवर समाधान मानलं असतं.

माझं मत विचाराल तर एवढा अॅल्युमिनियम डब्यात कोंबण्यापेक्षा एलएम२५९६ चं स्विचिंग मॉड्यूल लावा. तेच २.५ वॅट द्यायला ते अर्धा-पाऊण वॅट खातं. मात्र जोडण्याआधी त्याचा प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा बारीक रेझिस्टर) फिरवून, मीटरवर बरोबर ५ व्होल्ट करून, प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाका. विकत आणलेलं मॉड्यूल बहुतेकदा भलत्याच व्होल्टेजवर असतं.

उष्णतेचा दुसरा बळी म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या अंगावर "१०५ अंश" छापलेलं असतं आणि साध्या प्रकाराचं आयुष्य त्या तापमानाला २००० तास धरतात. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ८५ अंशांवर ८००० तास, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या डब्यात वर्षही नाही. ६५ वर ३२,००० तास, साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. म्हणजे कपॅसिटर हीटसिंकपासून दोन बोटं लांब सरकवला, तर एक पैसा न खर्चता आयुष्य वाढतं. ८५ अंशांचे कपॅसिटर या कामाला विकतच घेऊ नका, किमतीत फरक किरकोळ असतो.

पायरी चौथी: फ्यूज कशासाठी आणि किती

फ्यूज आयसीला वाचवत नाही. आयसी फ्यूजच्या कितीतरी आधी मरतो. फ्यूज वायर, बोर्ड आणि घर वाचवतो. एवढं स्पष्ट झालं की "मोठा फ्यूज टाका, सारखा उडतो" हा सल्ला किती घातकी आहे ते वेगळं सांगायला नको.

फ्यूज त्याच्यावर लिहिलेल्या करंटला उडत नाही. ५×२० मिलिमीटरचा आंतरराष्ट्रीय मानकाचा काचेचा फ्यूज दीडपट करंट तासभर सहन करतो, आणि एफ म्हणजे झटपट प्रकारालाही २.१ पट करंटला उडायला अर्ध्या तासाची मुभा असते. टी म्हणजे सावकाश प्रकार सुरुवातीचा झटका जाऊ देतो. ज्याच्या आत मोठा कपॅसिटर आहे अशा सप्लायच्या तोंडाला टी प्रकारच हवा, नाहीतर लाइट गेली-आली की फ्यूज गेला.

आपल्या डब्याचा सप्लाय २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास घेतो, व्होल्टेज पडलं की त्याहून थोडं जास्त. तिथे टी १ अँपिअर, आणि तोही सिरॅमिकचा, आत वाळू भरलेला. काचेचा फ्यूज ३५ अँपिअरच्या आसपासचा शॉर्ट तोडण्याची हमी देतो. डीपी घराजवळ असेल तर शॉर्टला शेकडो अँपिअर वाहतात. तेव्हा काच फुटते आणि आत ठिणगी चालूच राहू शकते. वाळूवाल्याची तोडण्याची क्षमता १५०० अँपिअरची असते. १२ व्होल्टच्या बाजूला वेगळा फ्यूज द्या, मोजलेल्या करंटच्या दीडपट ते दुप्पट. आपोआप पूर्ववत होणारा पीटीसी प्रकारचा फ्यूज वापरायचा असेल तर लक्षात घ्या, ५० अंशांच्या डब्यात तो लिहिलेल्या करंटच्या साधारण तीन-चतुर्थांशच झेलतो. १ अँपिअरचा पीटीसी पाऊण अँपिअरवरच रुसू लागेल.

उडालेला फ्यूज फेकण्याआधी उजेडात धरा. काच स्वच्छ आणि तार मधोमध वितळून तुटलेली असेल तर थोडा जास्त करंट बराच वेळ वाहिला: लोड वाढलाय किंवा फ्यूज मुळात लहान आहे. काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी झाली असेल तर शॉर्ट होता. तिथे दुसरा फ्यूज घालून बघण्यात अर्थ नाही, तो गेलाच म्हणून समजा. आधी ब्रिजचे (एसीचं डीसी करणारे) डायोड, स्विचिंग ट्रान्झिस्टर आणि एमओव्ही (व्होल्टेजचा झटका स्वतःवर घेणारी चकती) मीटरवर तपासा. फ्यूजच्या जागी वायरीचा धागा गुंडाळलेला बोर्ड हातात आला तर मी दुरुस्तीआधी मालकाला त्याच्या डब्यामागची भिंत दाखवायला सांगतो. ती बहुधा काळवंडलेली निघते.

पायरी पाचवी: तोंडावरचे पहारेकरी, आणि त्यांचा क्रम

फेजकडून आत येताना क्रम असा: आधी फ्यूज, मग फेज-न्यूट्रलवर आडवा एमओव्ही, मग सिरीजमध्ये एनटीसी (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा भाग), मग ब्रिज. फ्यूज आणि एमओव्हीची अदलाबदल झालेले बोर्ड बाजारात दिसतात. त्यात एमओव्ही शॉर्ट होऊन पेटला तर त्याला तोडणारं कुणीच उरत नाही.

एमओव्हीच्या अंगावरचा नंबर वाचायला सोपा आहे. १४डी४३१ म्हणजे १४ मिलिमीटरची चकती, ४३ पुढे एक शून्य, ४३० व्होल्टला वाहायला सुरुवात. सततच्या एसीसाठी तो २७५ व्होल्टपर्यंतचा. ज्या वाडीत रात्री लोड उतरल्यावर २६०-२७० व्होल्ट चढतात तिथे हा अगदी काठावर जगतो आणि वर्षा-दोन वर्षांत गरम होऊन मरतो. तिथे १४डी५११ लावा, तो ३२० व्होल्टचा आहे. झटक्याच्या वेळी तो थोडं जास्त व्होल्टेज आत सोडतो हे खरं, पण १००० व्होल्टचे डायोड ते पचवतात. एमओव्हीला रबरी स्लीव्ह घाला आणि प्लास्टिकच्या भिंतीपासून लांब ठेवा. शक्य असेल तर थर्मल फ्यूज जोडलेला प्रकार घ्या.

एनटीसी थंड असताना १० ओहम असतो (१०डी-९ नावाचा), त्यामुळे रिकामा कपॅसिटर भरतानाचा झटका तिशीच्या आसपास अँपिअरवर थांबतो. मग तो तापतो आणि त्याचा रेझिस्टन्स गळून पडतो. आपल्याकडे याची एक खोच आहे. वाऱ्यात फांदी तारेला लागून लाइट पटपट जाते-येते, तेव्हा एनटीसी अजून गरमच असतो आणि झटका अडवत नाही. म्हणून सप्लाय पुन्हा जोडण्याआधी एक-दोन मिनिटं थांबणारा टायमर असलेलं व्होल्टेज प्रोटेक्टर बरं. फ्रिजलाही ते लागतंच. चालू एनटीसी हात भाजेल इतका तापतो, कपॅसिटर त्याला खेटून ठेवू नका.

डीसी बाजूचं थोडक्यात: रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७, पट्टीचं टोक प्लसकडे. १२ व्होल्टच्या तोंडाला १५ व्होल्टचा टीव्हीएस (जास्तीचं व्होल्टेज दाबणारा डायोड). बॅटरी असेल तर उलटी जोडली गेल्यास वाचवणारा डायोड. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा स्नबर (झटका शोषणारी जोडी), कपॅसिटर एक्स२ म्हणजे थेट मेनवर लावायच्या प्रकाराचाच.

न्यूट्रल तुटला तर

वरचं काहीच यात पुरत नाही, म्हणून वेगळं सांगतो. माडाची झावळ किंवा अख्खी फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला की तीन फेजवरची घरं एकमेकांत सिरीजमध्ये येतात. ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज थेट ३५०-४०० पर्यंत चढतं, आणि ते क्षणभर नाही, कुणी येऊन दुरुस्त करेपर्यंत. ४०० व्होल्ट एसीचं शिखर ५६५ व्होल्ट. आतला कपॅसिटर ४०० व्होल्टचा, तो फुटतो. एमओव्ही क्षणाच्या झटक्यासाठी बनलेला असतो, सतत वाहायला लागला की काही सेकंदांत उकलतो. नशीब चांगलं असेल तर तो शॉर्ट होऊन फ्यूज घेऊन जातो. अशा वेळी लाइन तोडणारंच साधन हवं: २७० च्या वर आणि १७० च्या खाली रिलेने कापणारं व्होल्टेज प्रोटेक्टर, मीटरच्या नंतर लगेच. वाडीतल्या एका घरात दिवे लख्ख आणि शेजारी मिणमिणते दिसले तर फोन लावत बसू नका, मेन स्विच आधी पाडा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत असंख्य खांब आणि झाडं आडवी झाली. एवढ्या मोठ्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा लाइट येते तेव्हा सगळं बंद ठेवून आधी मीटरने व्होल्टेज बघा. बल्ब लावून दहा मिनिटं जाऊ द्या, मग एकेक उपकरण जोडा.

पायरी सहावी: सेन्सरची वायर आणि अर्थिंग

मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की लोक पंपाचा प्लग काढतात आणि टाकीकडे गेलेली सेन्सरची वायर तशीच ठेवतात. शंभर मीटर उघड्यावर पसरलेली तार जवळपास पडलेल्या विजेचा झटका गोळा करते आणि थेट कंट्रोलरच्या पायात आणून सोडते. सप्लाय शाबूत आणि कंट्रोलर मेलेला, असं दिसलं की वाट हीच होती. सेन्सरच्या वायरीला काढता येणारा कनेक्टर ठेवा. आत शिरताना प्रत्येक तारेवर आधी गॅस डिस्चार्ज ट्यूब (मोठा झटका आला की वाहू लागणारी नळी) अर्थकडे, मग १०० ओहम सिरीजमध्ये, मग ५ व्होल्टचा टीव्हीएस. वीज थेट घरावर किंवा तारेवर पडली तर यातलं काहीही टिकत नाही. ढग दिसताच प्लग आणि कनेक्टर काढणं हाच इलाज. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र हात लावू नका.

अर्थिंगबद्दल: आपली जमीन जांभ्याची, पाणी धरत नाही. मार्चनंतर ती कोरडी ठणठणीत होते आणि अर्थचा रेझिस्टन्स वाढतो, नेमका वळिवाच्या विजांच्या तोंडावर. अर्थचा खड्डा न्हाणीघराच्या किंवा माडाच्या आळ्याच्या बाजूला, जिथे बाराही महिने ओल असते तिथे घ्या. एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतत राहा. जुन्या नळाच्या पाइपाला बांधलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे, पुढचा पाइप कधीच प्लास्टिकचा झालेला असतो.

पायरी सातवी: मीठ

स्वयंपाकघरातलं मीठ पावसाळ्यात आपोआप पाणी सोडतं, कारण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून विरघळतं. किनाऱ्याजवळच्या बोर्डवर खाऱ्या वाऱ्याने बसलेल्या अदृश्य थराचंही तेच होतं. बोर्डवर पाऊस पडलेला नसतो, तरी ट्रॅकमध्ये खारट पाण्याची पातळ चादर तयार होते. १२ व्होल्टच्या दोन ट्रॅकमध्ये ती काही मायक्रोअँपिअर सोडते, तांबं झिजवते आणि हिरवं कीट वाढवते. सेन्सरच्या पायावर परिणाम लगेच दिसतो: कंट्रोलरला वाटतं टाकी रिकामी झाली आणि रात्री दोनला पंप आपोआप सुरू होतो. मग देवचाराचं, म्हणजे गावच्या भुताचं, नाव पुढे येतं. सेन्सर पायावर कंट्रोलरच्या आतल्या कमकुवत पुल-अपवर (पाय प्लसकडे ओढून धरणाऱ्या रेझिस्टरवर) विसंबू नका, बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा. निम्मे देवचार तिथेच शांत होतात.

बोर्ड धुवायचा कसा, हे नीट वाचा, कारण इथे जवळजवळ सगळे चुकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल फ्लक्स काढतं, मीठ नाही. मीठ त्यात फारसं विरघळतच नाही, नुसतं इकडून तिकडे पसरतं. मिठाला पाणीच हवं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. सप्लाय काढा, कपॅसिटर रिकामे करा, बटण सेल काढा. उघडा रिले, बझर, डिस्प्ले आणि प्रीसेट पाण्यापासून वाचवा. जुन्या मऊ टूथब्रशने आयसीच्या पायांमधून, कनेक्टरच्या मुळाशी, ट्रान्सफॉर्मरच्या कडेने हलक्या हाताने घासा. पाणी ओतून टाका आणि नव्या पाण्याने पुन्हा करा. आता अल्कोहोल वापरा, ते आयसीखाली अडकलेलं पाणी बाहेर काढतं. मग बोर्ड उभा करून एका खोक्यात जुन्या ४० वॅटच्या बल्बजवळ रात्रभर ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ जात नाही, तांदूळ मात्र खराब होतात. अल्कोहोल आणि चालू बल्ब एकत्र नकोत, आधी अल्कोहोल उघड्यावर पूर्ण उडू द्या.

बोर्ड कोरडा झाल्यावरच कन्फॉर्मल कोटिंग (बोर्डवरचा संरक्षक लेप) करा. मिठावर कोटिंग मारलं तर मीठ आत कोंडलं जातं आणि काम खालून चालू राहतं. अॅक्रिलिक प्रकार पुढे दुरुस्तीला सोपा, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने जळून जातो. दोन पातळ थर द्या, एक जाड नको. कनेक्टर, फ्यूज होल्डर, बटणं, प्रीसेट आणि हीटसिंकला चिकटणारी आयसीची पाठ आधी टेपने झाका. नवा बोर्ड करत असाल तर २३० व्होल्टची बाजू आणि कमी व्होल्टेजची बाजू यांत मी ८ मिलिमीटर मोकळे सोडतो आणि मध्ये आरपार खाच पाडतो. खाचेत मिठाचा थर सलग बसत नाही.

डबा

डबा पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीवर नको, पाऊस आणि खारा वारा तिथूनच येतो. पडवीची आतली भिंत उत्तम. वायरी खालून आत घ्या, ग्लँडमधून, आणि आत शिरण्याआधी प्रत्येकीला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. पूर्ण हवाबंद डबा ऐकायला छान वाटतो, पण दिवसा तापून रात्री थंड होताना तो फटीफटीतून ओली हवा आत ओढतो आणि ती आत पाणी होऊन साचते. तळाशी दोन लहान भोकं ठेवा आणि त्यांवर बारीक जाळी चिकटवा. जाळी विसरलात तर पाल आत येते, टर्मिनलवर आडवी होते आणि जाताना फ्यूज घेऊन जाते. मुंग्या तर कॉन्टॅक्टरच्या फटीत घर करतात आणि पॉइंट पूर्ण मिटूच देत नाहीत. अर्धवट मिटलेला पॉइंट म्हणजे पुन्हा तेच टर्मिनलचं गणित.

पायरी आठवी: पहिल्यांदा चालू करताना

दुरुस्त केलेला किंवा नवा सप्लाय थेट लाइनला लावू नका. ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब फेजमध्ये सिरीजला घाला. एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा अगदी मंद राहिला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि तुमचा फ्यूज व ट्रान्झिस्टर बल्बने वाचवलाय. हे फक्त सप्लायसाठी. कॉन्टॅक्टर आणि पंप बल्बमागे जोडू नका.

नंतर पूर्ण लोड लावून, डब्याचं झाकण बंद करून, दुपारी दोन तास चालवा. सकाळच्या गारव्यात झाकण उघडं ठेवून केलेली चाचणी काहीच सांगत नाही. मीटरसोबत येणारा थर्मोकपल उष्णतारोधक टेपने आयसीच्या अंगाला, मग कपॅसिटरला, मग टर्मिनलला चिकटवून बघा. थर्मोकपल लाइन बंद असताना चिकटवा, हाताने चाचपू नका. मेनच्या बाजूचा हीटसिंक जिवंत असू शकतो. डब्यातल्या हवेपेक्षा कपॅसिटर १५ अंशांहून जास्त तापत असेल तर जागा बदला. टर्मिनल शेजारच्या टर्मिनलपेक्षा गरम असेल तर सांधा पुन्हा बांधा.

दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात एवढं करा: स्क्रू आवळणं, एमओव्हीला चीर किंवा काळा डाग आहे का बघणं, फुगलेले कपॅसिटर, जाळी, अर्थची तार, आरसीसीबीचं टेस्ट बटण. डब्याच्या झाकणाच्या आत एका पिशवीत टी १ अँपिअरचे चार सिरॅमिक फ्यूज, एक एमओव्ही आणि एक १०डी-९ ठेवून द्या, आणि झाकणावर मार्करने फ्यूजचा आकडा लिहा. जुलैच्या रात्री लाइट गेलेली असताना टॉर्चच्या उजेडात फ्यूज बदलणारा माणूस बहुतेक वेळा तुम्ही नसता.